साथीचा काळ आणि विज्ञानाची बातमी

बाजारात भाव मालामुळे चढतात, तसेच मालाविषयीच्या वार्तेनेही चढतात. धान्य, कापूस, सोने-चांदी यांच्या व्यवहारात पिढ्यानपिढ्या घालवलेल्या कुटुंबांना हे निराळे सांगावे लागत नाही. आवक घटल्याची वार्ता कानी आली की पेढीवरचा जुना, अनुभवी माणूस लगेच सौदा करीत नाही. वार्ता कोणी आणली, ती कोणत्या बाजारपेठेतून आली आणि ती पसरल्याने लाभ कोणाचा, हे तो आधी विचारतो. २०२० मध्ये कोविडची साथ आली, तेव्हा औषधे, लसी, मास्क आणि विषाणू यांविषयीच्या बातम्यांचा लोंढा घराघरांत शिरला. मालाच्या वार्तेला लावली जाणारी ती जुनी कसोटी या बातम्यांना मात्र फार थोड्या घरांत लावली गेली. त्याची किंमत पैशात मोजली गेली आणि प्राणांतही.

साथीच्या काळात विज्ञानाची बातमी कशी तयार होते, ती कोठे बिघडते आणि सामान्य वाचकाने तिची पारख कशी करावी, हा विषय म्हणूनच केवळ पत्रकारांचा किंवा डॉक्टरांचा नाही. तो प्रत्येक कुटुंबाचा आहे. आणि तो कोविडपासून सुरू झालेला नाही. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर त्याचा आरंभ सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईच्या बंदरालगतच्या वखारींमध्ये सापडतो.

मांडवीचा ताप

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात गाठी येणाऱ्या तापाने माणसे दगावू लागली. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींची, कच्छी, गुजराती, भाटिया, खोजा आणि जैन व्यापाऱ्यांच्या पेढ्यांची दाट वस्ती. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकाशिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी रुग्ण तपासून हा गाठीचा प्लेग असल्याचे निदान केले आणि महापालिकेपुढे ते स्पष्ट शब्दांत मांडले. त्या निदानावर शंका घेतल्या गेल्या. अधिकाऱ्यांनी आरंभी ‘प्लेग’ हा शब्द उच्चारणे टाळले आणि ‘विशिष्ट प्रकारचा ताप’ अशा मोघम शब्दांचा आश्रय घेतला. यामागचे कारण वैद्यकीय नव्हते. मुंबई बंदरात प्लेग आहे असे जाहीर झाले, तर युरोपातील बंदरे इथल्या जहाजांना आणि मालाला अडवतील, ही भीती होती.

शब्द टाळल्याने रोग टळला नाही. हिवाळ्यात साथ शहरभर पसरली आणि लोक घरेदारे सोडून गावाकडे निघाले. साडेआठ लाखांच्या मुंबईतून काही महिन्यांत निम्म्याच्या आसपास माणसे निघून गेली. त्यांच्यासोबत रोगही बाहेर गेला.

अधिकृत बातमी उशिरा आणि अर्धवट आली की रिकामी जागा अफवा भरून काढते. रुग्णालयात नेलेल्या माणसाला तेथे मारून टाकतात, त्याच्या शरीरातून तेल काढतात, अशा वार्ता गिरणगावात फिरू लागल्या. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार जणांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. पुढे ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला आणि सरकारला घरझडती, रुग्णांचे सक्तीने स्थलांतर, प्रवाशांची तपासणी असे व्यापक अधिकार मिळाले. पुण्यात रँड यांच्या अधिकारात झालेल्या घरझडत्यांवर ‘केसरी’ने कठोर टीका केली, आणि त्या टीकेला आधारही होता.

येथेच साथीच्या पत्रकारितेतील एक मूलभूत गुंता दिसतो. सरकारच्या जुलमावरची टीका ही एक गोष्ट आणि रोगाच्या शास्त्रावरचा अविश्वास ही दुसरी. देवघरात बूट घालून शिरणाऱ्या शिपायाचा राग न्याय्य होता. परंतु तोच राग पुढे डॉक्टरवर, रुग्णालयावर आणि लसीवरही उलटला. या दोन गोष्टी निराळ्या ठेवून सांगणारे वार्तांकन त्या काळी विरळ होते, आजही विरळच आहे.

शास्त्राचीही त्या वेळी परीक्षाच चालली होती. प्लेगचा जिवाणू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता, पण तो माणसापर्यंत कसा पोहोचतो हे ठरले नव्हते. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच संशोधकाने कराचीत केलेल्या प्रयोगांतून उंदरांवरील पिसवांकडे बोट दाखवले. त्याचे म्हणणे मान्य व्हायला कित्येक वर्षे लागली. तोवर गटारांत जंतुनाशके ओतणे आणि घरे धुऊन काढणे, यांवरच मोठा खर्च होत राहिला.

मुलकोवालची बाटली

या गोंधळात वॉल्डेमार हाफकिन हा संशोधक कलकत्त्याहून मुंबईत आला. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत त्याने काही महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली मात्रा स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या सुमारे निम्म्या कैद्यांना लस देण्यात आली. पुढे आलेला हिशेब सरळ होता. लस न घेतलेल्यांपैकी बारा जणांना रोग झाला आणि त्यांतील सहा दगावले. लस घेतलेल्यांपैकी दोघांना रोग झाला, मृत्यू एकही नाही. तिसरे आगाखान सुलतान महंमद शाह यांनी स्वतः जाहीरपणे लस टोचून घेतली. खोजा समाजातील हजारो लोक त्यांच्यामागून आले. समाजाच्या प्रमुखाने स्वतःच्या दंडावर दाखवलेला विश्वास कोणत्याही सरकारी जाहिरातीपेक्षा प्रभावी ठरला.

पुढे ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना लस देण्यात आली. त्यांपैकी १९ जणांना काही दिवसांत धनुर्वात झाला आणि ते सर्व मृत्यू पावले. हे एकोणीसही जण एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. इतर बाटल्यांतून लस घेतलेल्या ८८ जणांना काहीही झाले नाही.

या दोन वाक्यांतच प्रश्नाचे उत्तर दडले होते. लसच विषारी असती तर सर्व बाटल्यांचा परिणाम एकच झाला असता. दोष एका बाटलीत होता. तो दोष मुंबईच्या प्रयोगशाळेत शिरला की गावात बाटली उघडताना, एवढेच ठरवायचे होते. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने प्रयोगशाळेकडे बोट दाखवले. हाफकिनला पदावरून दूर करण्यात आले आणि तो इंग्लंडला निघून गेला. बाटली उघडताना तिथल्या सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो ज्वाळेत न धरता केवळ जंतुनाशकात बुडवून पुन्हा वापरला गेला होता, ही नोंद चौकशीच्या कागदांतच होती. बाटली उघडली तेव्हा तिला दुर्गंधी नव्हती, हेही नोंदलेले होते. धनुर्वाताचे जंतू तीत कित्येक आठवडे वाढत असते, तर वास आल्यावाचून राहता ना.

हे सर्व कागद जनतेसमोर यायला चार वर्षे लागली. मलेरियाच्या संशोधनासाठी नोबेल मिळवलेल्या रोनाल्ड रॉस यांनी लंडनच्या ‘टाइम्स’मधून हा विषय लावून धरला. जुलै १९०७ मध्ये दहा नामवंत शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र त्याच वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हाफकिन दोषमुक्त ठरला. त्याला पुन्हा कामावर बोलावण्यात आले, मात्र मुंबईच्या त्याच्या जुन्या प्रयोगशाळेत नव्हे, कलकत्त्यात. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमधील त्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्याचे नाव देण्यात आले, तीच आजची हाफकिन संस्था.

दरम्यान पंजाबातील लसीकरण थंडावले होते. तो दोषमुक्त झाला त्या १९०७ या एका वर्षात हिंदुस्थानात प्लेगने तेरा लाखांहून अधिक माणसे मेली, आणि त्यांत पंजाबचा वाटा सर्वांत मोठा होता. ते सारे लसीअभावी मेले असे म्हणता येणार नाही, कारण साथीला अनेक कारणे असतात. तरी एवढे खरे की एकोणीस मृत्यूंची वार्ता गावोगाव पोहोचली, आणि त्या मृत्यूंच्या कारणाची वार्ता पाच वर्षे मागे राहिली. भीतीची बातमी तत्काळ सुटते, खुलाशाची रेंगाळते.

एका गोळीचा भाव

आता २०२० कडे यावे. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात फ्रान्सच्या मार्सेय शहरातील डॉक्टरांच्या एका गटाने हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियाच्या जुन्या औषधाविषयी एक अभ्यास प्रसिद्ध केला. औषध दिलेल्यांच्या नाकातील विषाणू लवकर नाहीसा होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. जगभरच्या वाहिन्यांनी तो उचलला. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याची जाहीर प्रशंसा केली. पाठोपाठ भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने आरोग्य कर्मचारी आणि रुग्णांच्या घरातील संपर्कातील व्यक्ती यांच्यासाठी हे औषध प्रतिबंधक म्हणून सुचवले. ती सूचना मर्यादित गटासाठी होती. लोकांच्या कानी मात्र ‘कोरोनाचे औषध सापडले’ एवढेच पडले आणि औषधाच्या दुकानांसमोर रांगा लागल्या. आठवडाभरात सरकारला त्याची निर्यात थांबवावी लागली आणि विक्रीवर चिठ्ठीची सक्ती कडक करावी लागली. संधिवात आणि ल्युपस या आजारांचे जे रुग्ण हीच गोळी वर्षानुवर्षे रोज घेत होते, ते रिकाम्या हाताने परतू लागले.

मूळ अभ्यासात होते तरी काय? एकूण रुग्ण ३६. त्यांपैकी २६ जणांना औषध देण्यास आरंभ झाला आणि हिशेबात धरले गेले ते फक्त २०. उरलेल्या सहांपैकी तीन अतिदक्षता विभागात गेले, एक मरण पावला, एकाने मळमळ झाल्याने औषध सोडले आणि एक रुग्णालयातून निघून गेला. वर्षअखेरीस बुडीत खाती वगळून ताळेबंद मांडावा आणि धंदा नफ्यात दाखवावा, त्यातलाच हा प्रकार. कोणताही मुनीम ही चलाखी क्षणात ओळखेल. परंतु बातमीत एकूण रुग्णांची संख्याच फारशी येत नव्हती, मग वगळलेल्या सहांची कोठून येणार?

पुढे लंबक दुसऱ्या टोकाला गेला. २२ मे रोजी ‘लॅन्सेट’ या मान्यवर नियतकालिकात सहा खंडांतील ९६ हजार रुग्णांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास आला. हे औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यू वाढतात, असे त्यात म्हटले होते. मथळे लगोलग उलटे झाले, जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतील त्या औषधाचा भाग थांबवला. मात्र ही माहिती सर्जिस्फिअर नावाच्या एका लहान कंपनीकडून आलेली होती आणि मूळ नोंदी दाखवा म्हटल्यावर कंपनीने त्या दाखवल्या नाहीत. ४ जून रोजी तो लेख मागे घेण्यात आला. दुसऱ्याच दिवशी ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ या मोठ्या चाचणीचा निकाल जाहीर झाला. तिथे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्णांचे दोन गट पाडले होते, दीड हजारांना औषध दिले होते आणि तीन हजारांना दिले नव्हते. मृत्यूंच्या प्रमाणात औषधाने काहीही सुधारणा झाली नव्हती. मार्सेयचा मूळ लेख अखेर डिसेंबर २०२४ मध्ये मागे घेतला गेला. तोवर त्याची आठवणही कोणाला उरली नव्हती.

अकरा आठवड्यांत सामान्य वाचकाने ‘औषध सापडले’, ‘औषध घातक’, ‘अभ्यासच बनावट’ आणि ‘औषध निरुपयोगी’ असे चार मथळे वाचले. शास्त्रज्ञ रोज शब्द फिरवतात, असे त्याला वाटले तर नवल नाही. वस्तुतः विज्ञानाने शब्द एकदाच दिला होता, तो जूनमध्ये, मोठी चाचणी पूर्ण झाल्यावर. आधीचे सारे कच्च्या मालाचे नमुने होते. बातम्यांनी ते पक्का माल म्हणून विकले.

हरवलेले अर्धे वाक्य

खोट्या बातमीपेक्षा अर्धी खरी बातमी अधिक धोकादायक ठरते, याचे उदाहरण डेक्सामेथासोन या औषधाचे आहे. १६ जून २०२० रोजी त्याच ‘रिकव्हरी’ चाचणीतून खरोखर आनंदाची वार्ता आली. भारतात काही रुपयांना मिळणारे हे जुने स्टेरॉइड कोविडमध्ये प्राण वाचवते, असे सिद्ध झाले. ‘स्वस्त औषधाचा चमत्कार’ अशा आशयाचे मथळे सर्वत्र झळकले.

चाचणीचा निकाल मात्र तीन भागांचा होता. व्हेंटिलेटरवरील रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर आले. केवळ ऑक्सिजनवर असलेल्यांत ते २६ वरून २३ वर आले. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांना काहीही लाभ झाला नाही, उलट त्यांच्यातील मृत्यूंचा आकडा थोडा अधिकच होता. म्हणजे औषध एकच, पण एका रुग्णासाठी ते संजीवनी आणि दुसऱ्यासाठी निरर्थक, कदाचित अपायकारक. शरीराची प्रतिकारशक्ती बेफाम होऊन फुप्फुसांवरच उलटते तेव्हा स्टेरॉइड तिला आवरते. आजाराच्या पहिल्या दिवसांत हीच प्रतिकारशक्ती विषाणूशी लढत असते, त्या वेळी तिचे हात बांधणे शहाणपणाचे नसते.

मथळ्यात पहिले अर्धे वाक्य आले, दुसरे हरवले. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत घरोघरी फिरणाऱ्या औषधांच्या याद्यांत स्टेरॉइड होते, आणि कित्येकांनी ते पहिल्या तापापासून सुरू केले. स्टेरॉइडने रक्तातील साखर वाढते. मधुमेह घराघरांत असलेल्या या देशात त्याचा परिणाम त्या वर्षीच्या मे महिन्यात दिसू लागला. म्युकरमायकोसिस, म्हणजे लोक ज्याला काळी बुरशी म्हणू लागले तो आजार, हजारोंना झाला आणि महाराष्ट्र सर्वाधिक रुग्णांच्या राज्यांपैकी एक होता. कित्येकांचा डोळा काढावा लागला, कित्येकांचा जबडा. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अवाजवी वापर ही त्याची प्रमुख कारणे मानली गेली. या आजाराची नोंद सक्तीची करण्यासाठी केंद्राने राज्यांना ज्या कायद्याचा आधार घ्यायला सांगितला, तो प्लेगच्या काळातील १८९७ चाच साथरोग कायदा होता.

रेमडेसिव्हिरची कथाही याच जातीची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीत या इंजेक्शनने मृत्यू कमी होत नसल्याचे ऑक्टोबर २०२० मध्ये दिसले होते आणि नोव्हेंबरमध्ये संघटनेने ते न वापरण्याची शिफारस केली होती. ही बातमी आतल्या पानांत राहिली. एप्रिल २०२१ मध्ये पुणे, मुंबई, नागपूर येथे त्याच इंजेक्शनसाठी माणसे रात्र-रात्र रांगेत उभी होती, काळ्या बाजारात मूळ किमतीच्या कित्येक पटींनी ते विकत घेत होती. ‘तुटवडा’ ही बातमी दिवसभर वाहिन्यांवर होती. ज्याचा तुटवडा आहे त्याने प्राण वाचतात का, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. प्लाझ्माचेही तसेच. भारतातीलच ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत त्याचा उपयोग दिसला नव्हता. तरी मे २०२१ मध्ये ते अधिकृत उपचारांतून वगळले जाईपर्यंत दात्यांसाठीची आवाहने थांबली नाहीत.

टक्के कशाचे?

‘वीस टक्के नफा’ म्हटले की व्यापारी विचारतो, खरेदीवर की विक्रीवर? विज्ञानाच्या बातमीतील टक्क्यांनाही हाच प्रश्न विचारला पाहिजे. नोव्हेंबर २०२० मध्ये फायझरची लस ९५ टक्के प्रभावी असल्याची वार्ता आली. ही लस भारतात वापरली गेली नाही, पण आकडा सर्वतोमुखी झाला. शंभर लसधारकांपैकी पाच जणांना रोग होणारच, असा त्याचा अर्थ अनेकांनी लावला. प्रत्यक्षात सुमारे ४३ हजार स्वयंसेवकांचे दोन सारखे गट होते. त्या काळात एकूण १७० जणांना लक्षणांसह रोग झाला, १६२ लस न मिळालेल्या गटातील आणि ८ लस मिळालेल्या गटातील. १६२ च्या जागी ८, ही घट ९५ टक्क्यांची. लस न मिळालेल्यांतही त्या अवधीत शंभरात एकालासुद्धा रोग झाला नव्हता. हा आधाराचा आकडा सांगितला नाही, तर टक्केवारी फसवी ठरते.

‘आज रुग्णांचा उच्चांक’ या मथळ्याचेही तसेच होते. कालच्या दुप्पट चाचण्या आज झाल्या असतील, तर रुग्ण वाढलेले दिसणारच. उलट चाचण्या घटवल्या की साथ ओसरल्याचा भास होतो. भागाकारातील खालचा आकडा न देणारी बातमी ही वजन न सांगता भाव सांगणाऱ्या दुकानासारखी असते.

बातमी अशी का होते

दोष एकट्या पत्रकाराचा नाही. नियतकालिकात छापण्यापूर्वी इतर तज्ज्ञ लेख तपासतात, त्याला पूर्वी महिने लागत. साथीत तेवढा धीर नव्हता म्हणून संशोधक तपासणीपूर्वीचे कच्चे लेख इंटरनेटवर ठेवू लागले. त्याने खरी माहिती लवकर पोहोचली, हे मान्य केले पाहिजे. पण जानेवारी २०२० च्या अखेरीस दिल्लीतील काही संशोधकांनी नव्या विषाणूत एचआयव्हीशी साम्य असलेले तुकडे असल्याचा कच्चा लेख ठेवला आणि विषाणू माणसाने बनवल्याची चर्चा पेटली. तज्ज्ञांनी चूक दाखवताच दोन दिवसांत लेख मागे घेतला गेला. चर्चा मात्र वर्षभर चालू राहिली.

तज्ज्ञ संस्थाही कधी कधी पुराव्याच्या पुढे धावतात. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग हवेतून पसरत नाही, असे ठामपणे जाहीर केले. जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून त्याला हरकत घेतली आणि पुढे संघटनेलाही आपली भूमिका बदलावी लागली. ‘अद्याप निश्चित माहिती नाही, तोवर खिडक्या उघड्या ठेवा’ एवढे जरी आरंभी सांगितले असते, तरी लोकांनी ते समजून घेतले असते. न जाणता ठाम बोलण्यापेक्षा ‘ठाऊक नाही’ म्हणणे अधिक प्रामाणिक, हे संस्थांनाही शिकावे लागले.

दूरचित्रवाणीवरील वादविवादांनी आणखी एक भ्रम निर्माण केला. एका खुर्चीवर आयुष्यभर विषाणूंचा अभ्यास केलेला तज्ज्ञ, समोरच्या खुर्चीवर केवळ मोठा आवाज असलेला वक्ता, आणि दोघांना सारखाच वेळ. याला निष्पक्षपणा म्हटले गेले. अनेकान्ताचा संस्कार असलेल्या वाचकांना यातील चूक लवकर कळावी. प्रत्येक विधान कोणत्या अपेक्षेने, कोणत्या नयाने केले आहे ते पाहा, हे अनेकान्त सांगतो. सर्व विधाने सारखीच खरी आहेत, असे तो कोठेही म्हणत नाही. ‘स्टेरॉइड उपकारक आहे’ हे विधान ऑक्सिजनवरील रुग्णाच्या अपेक्षेने खरे आणि पहिल्या दिवसाच्या तापाच्या अपेक्षेने खोटे. अपेक्षा गाळली की सत्याचेही असत्य होते.

चांगली पत्रकारिताही याच काळात झाली, हे नमूद केले पाहिजे. एप्रिल २०२१ मध्ये अहमदाबादेत ‘संदेश’ या गुजराती दैनिकाचे पत्रकार कोविड रुग्णालयाच्या शवागाराबाहेर तासन्‌तास थांबले, स्मशानांत गेले आणि त्यांनी मृतदेह मोजले. त्यांची मोजणी सरकारी आकड्याहून कितीतरी अधिक भरली. त्यांनी कोणतेही भाकीत केले नाही, मत दिले नाही. फक्त मोजले आणि छापले. विज्ञानाची वृत्ती याहून वेगळी नसते.

सोयीच्या बातमीची परीक्षा

सर्वांत अवघड पारख असते ती मनाला आवडणाऱ्या बातमीची. २०२० च्या आरंभी कोंबडीचे मांस खाल्ल्याने कोरोना होतो, अशी अफवा पसरली. कुक्कुटपालन करणाऱ्या शेतकऱ्यांचे भाव कोसळले, महाराष्ट्रातील अनेकांनी पक्षी फुकट वाटले किंवा जिवंत पुरले. पाठोपाठ शाकाहारी व्यक्तींना हा रोग होत नाही, असा संदेश जागतिक आरोग्य संघटनेच्या नावाने फिरू लागला. संघटनेने असे काहीही म्हटले नव्हते. पुढच्या वर्षभरात शाकाहारी घरांतही माणसे आजारी पडली आणि गेली.

शाकाहाराचे समर्थन करुणेच्या आधारावर उभे आहे, त्याला खोट्या वैद्यकीय दाव्याचा टेकू लागत नाही. ज्या अफवेने मुके पक्षी जिवंत मातीखाली गेले, ती अफवा अहिंसेच्या बाजूची कशी मानावी? असा संदेश आनंदाने पुढे पाठवणाऱ्या हातांनी आपल्याच घरातील वडीलधाऱ्यांना निष्काळजी केले असेल, ही शक्यता नाकारता येत नाही. मनाविरुद्धच्या बातमीची माणूस आपोआप उलटतपासणी करतो. मनाजोगत्या बातमीची मुद्दाम करावी लागते.

घरातील पारख

यासाठी विज्ञानाची पदवी लागत नाही. पेढीवर रोज वापरले जाणारे प्रश्न पुरेसे आहेत. अभ्यास माणसांवर झाला की प्राण्यांवर की काचेच्या बशीत, आणि किती जणांवर? औषध न घेतलेल्यांशी तुलना केली होती का, आणि दोन गट निवडताना पक्षपात टाळला होता का? मधेच गळालेल्यांचे काय झाले? टक्के कशाचे? निष्कर्ष कोणत्या रुग्णासाठी आहे? दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष काढला आहे का? आणि अखेर, ही बातमी पसरल्याने लाभ कोणाचा? यांतील दोन-तीन प्रश्नांची उत्तरे बातमीत नसतील, तर तो सौदा आज करू नये. चार दिवस थांबल्याने वाचकाचे काही बिघडत नाही. औषधाचा निर्णय तर बातमीवरून घ्यायचाच नसतो, तो रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरनेच घ्यायचा असतो.

औषधांचा घाऊक व किरकोळ व्यापार ज्यांच्या हाती आहे, त्यांच्यावरची जबाबदारी अधिक मोठी. दुकानदाराने चिठ्ठीवाचून स्टेरॉइड नाकारणे किंवा दहा डब्यांच्या जागी एकच डबा देणे, यात त्या दिवशीचा गल्ला थोडा घटला असेल. पण अशा दुकानदाराने अनोळखी माणसाचा डोळा वाचवला असेल, आणि त्या माणसाला ते कधी कळणारही नाही. तिसऱ्या आगाखानांनी १८९७ मध्ये आपल्या समाजासाठी जे केले, ते आजच्या काळात कुटुंबप्रमुखाला, डॉक्टर झालेल्या मुलीला किंवा सुनेला, समाजाच्या कार्यकर्त्याला करता येते. लोक अनोळखी तज्ज्ञापेक्षा ओळखीच्या प्रामाणिक माणसाचे ऐकतात.

पुढची साथ केव्हा येईल, ते कोणालाच सांगता येत नाही. ती आली की पहिल्या आठवड्यात नवे औषध सापडल्याची बातमी येईल, दुसऱ्या आठवड्यात ते घातक असल्याची येईल आणि दोन्ही बातम्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर पहाटेच पोहोचतील. त्या वेळी घरातील एखाद्याने तरी ‘किती जणांवर तपासले?’ एवढा प्रश्न विचारावा आणि उत्तर मिळेपर्यंत तो संदेश पुढे पाठवू नये.